अर्धवट तपासलेला मदरबोर्ड

मित्रांनो, मी एक जुना मदरबोर्ड आहे. कॉम्प्युटरच्या पेटीत जी हिरवी पाटी उभी असते, जिच्यावर बाकी सगळे येऊन बसतात, तो मी. चित्र छान दिसलं की लोक पडद्याचं कौतुक करतात, काम झटपट झालं की प्रोसेसरचं. माझी आठवण होते ती काही बिघडलं की. याची मला सवय आहे आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. पण दसऱ्याच्या त्या दिवसांत जे झालं, ते मला अजून सलतं.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यातला. पहिली नोकरी हुणसूरला, तंबाखूच्या एका व्यापाऱ्याच्या कचेरीत. पंख्यातून तंबाखूची पूड आत यायची आणि माझ्या कानाकोपऱ्यात बसायची, तरी मी एकदाही बंद पडलो नाही. व्यापारी मला कौतुकाने हत्ती म्हणायचे. मग तिथे नवी यंत्रं आली आणि हत्तीची रवानगी गोणीत भरून म्हैसूरच्या जुन्या सामानाच्या दुकानात झाली. तिथून मला यशस्विनीने उचललं.

यशस्विनी एका विमा कंपनीत नोकरी करते. आजोबा दत्तोजीराव आणि आजी गिरिजाबाई यांच्याजवळ राहते. घरात बोलतात ती कन्नड मिसळलेली मराठी. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, मोबाइलवर बघत बघत तिने मला पेटीत बसवलं, आठ-दहा स्क्रू घट्ट केले, आणि मी पहिल्याच झटक्यात सुरू झालो. त्या दिवशी घरात गोड झालं होतं. मीही मनातून फुगलो होतो.

दत्तोजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते. "घोडे गेले, तलवारी गेल्या, आवाज तेवढा राहिला," असं ते हसत सांगायचे. कडकोळच्या एका कारखान्यात ते सुपरवायझर होते आणि यंत्रांच्या खडखडाटातही त्यांची हाक शेडच्या दुसऱ्या टोकाला पोचायची म्हणे. तो आवाज गेल्या वर्षी घोगरा झाला. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, गळ्यात कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. तारीख ठरली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दाखल व्हायचं.

इस्पितळातल्या वाचाउपचाराच्या बाईंनी एक मार्ग सुचवला. ऑपरेशनआधी दत्तोजीरावांनी भरपूर वाक्यं जमेल तेवढ्या स्वच्छ आवाजात बोलून ठेवायची. त्यांवरून कॉम्प्युटर तसाच आवाज तयार करतो. मग ते टाइप करतील आणि यंत्र त्यांच्या आवाजात बोलेल. बायकोला हाक मारायला, नातीला रागवायला, स्वतःचा आवाज राहील. त्या प्रोग्रामला मात्र जास्त मेमरी हवी होती. म्हणून यशस्विनीने रॅमची एक नवी पट्टी आणली आणि माझ्यावरच्या जुन्या पट्टीशेजारी खोचली.

तिथेच माझ्या मनात चुकचुकलं. जुनी पट्टी शांत चालीची, नवी भलतीच वेगवान. एकाने आरती संथ म्हणावी आणि दुसऱ्याने घाईने पुढचं कडवं गाठावं, तसं त्यांचं चाललं होतं. आणि मी तर नव्या पट्टीपेक्षा कितीतरी जुना. तिच्यासारखीला कसं सांभाळायचं हे मला कधी कुणी शिकवलेलंच नव्हतं. पडदा काळाच राहिला आणि मी लांब, एकसुरी शिट्टी दिली. मला तेवढंच बोलता येतं.

यशस्विनीने पट्ट्या काढून पुसल्या, खाचा बदलल्या. एकेकटी पट्टी लावली की मी सुरळीत चाले, दोघी एकत्र आल्या की पुन्हा शिट्टी.

गिरिजाबाई स्वयंपाकघरातून आल्या. "यशू, ते कोकलणं बंद कर गं. आस्पत्रीतल्यासारखं वाटतंय. घरात आजारी माणूस आहे की."

"त्याची तक्रार आहे अज्जी, दोन्ही रॅम जुळत नाहीत."

"असू दे. आवाज बेडा म्हणजे बेडा, मला नकोच तो."

यशस्विनीने माझ्यावरचा शिट्टीपुरता चिमुकला स्पीकर उपटून खणात टाकला. घर शांत झालं. मग तिने माझ्या सेटिंगमध्ये जाऊन मला नव्या पट्टीचा वेग धरायला लावला. तो वेग माझ्या कुवतीबाहेरचा होता. तरी पडदा उजळला.

"नोडु, बघ, चाललं की," दत्तोजीराव घोगऱ्या आवाजात म्हणाले.

चाललं खरं. पण चालणं आणि नीट चालणं यांत फरक असतो, मित्रांनो. एखाद्या क्षणी माहितीचा एखादा कण माझ्या हातून निसटायचा आणि त्याच्या जागी भलतंच काही लिहिलं जायचं. कुणाला दिसत नव्हतं. मला जाणवत होतं, आणि सांगायला शिट्टीही उरली नव्हती.

यशस्विनी निष्काळजी नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने मेमरीची तपासणी लावली. ती फार सावकाश चालते, पहिली फेरी सोपी असते आणि खरी परीक्षा नंतरच्या फेऱ्यांत होते. मला हायसं वाटलं. आता पकडलं जाणार, असं मी स्वतःला सांगत होतो.

पण तो दिवस आयुधपूजेचा होता. म्हैसुरात त्या दिवशी स्कूटरपासून विळीपर्यंत सगळ्यांना झेंडू आणि कुंकू लागतं आणि पूजेनंतर कुणी त्यांना कामाला लावत नाही. गिरिजाबाई ताट घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"हे अजून चालू का? आज यंत्रं चालवत नाहीत. बंद कर."

"अज्जी, तपासणी अर्धी झालीय. थोडं थांब ना."

"वर्षातून एक दिवस त्यांना विश्रांती. तुझ्या अज्जाच्या ऑपरेशनच्या तोंडावर तरी नियम मोडू नको."

यशस्विनी पडद्याकडे बघत राहिली. तोवर एकही चूक निघाली नव्हती. शेवटी तिने बटण दाबलं. माझ्या पेटीला हळद-कुंकू लागलं, वर झेंडूचं फूल आलं. इतका मान मला जन्मात मिळाला नव्हता आणि इतका मी कधी घाबरलोही नव्हतो.

विजयादशमीला, शुभ दिवस म्हणून, बोलणं सुरू झालं. दत्तोजीराव आंघोळ करून, टोपी घालून माइकपुढे बसले. आधी कन्नड वाक्यं वाचली. त्यांच्या घरच्या मराठीची वाक्यं कुठे तयार मिळत नाहीत, म्हणून ती आठवून आठवून बोलले. घोट घोट गरम पाणी घेत होते. गळा दुखायचा तेव्हा डोळे मिटून बसायचे आणि पुन्हा बोलायचे. प्रोग्राम प्रत्येक वाक्यातला खरखराट काढी, स्वच्छ केलेलं ठेवी आणि मूळचं पुसून टाकी. मध्येच मी गोठलो. यशस्विनीने मला पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळाने पुन्हा गोठलो.

"अज्जा, हे बरोबर नाही. उद्या सकाळी तपासू का?"

"उद्या दवाखाना आहे पोरी. ते पण दमलं असेल, बिडु, सोड. आता जमतंय तोवर बोलू दे."

तिने सुरुवातीची दोन वाक्यं ऐकून पाहिली. ती स्वच्छ होती. मग तिने सगळं एका पेनड्राइव्हवरही घेतलं. पण ते सुद्धा माझ्याच हातून गेलं होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. दत्तोजीराव घरी आले ते गळ्याशी छिद्र आणि हातात पाटी घेऊन. यशस्विनीने वाक्यं उघडली. काहींत शब्दाच्या जागी कर्कश चरचर होती, काहींत नुसती शांतता, बरीच तर उघडलीच नाहीत. पेनड्राइव्हवरही तेच. तिने पुन्हा तपासणी लावली आणि या वेळी ती कुणी थांबवली नाही. दुसऱ्या फेरीत पडदा तांबड्या ओळींनी भरून गेला. ती खुर्चीत बसून रडली. दत्तोजीरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं.

वाचलेल्या तुकड्यांवरून तिने कसाबसा एक आवाज तयार केला. दत्तोजीरावांनी टाइप केलं, 'गिरिजा, जरा इकडे ये.' मी ते बोललो.

गिरिजाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, नवऱ्यासमोरून तशाच पुढे गेल्या आणि त्यांनी दाराची कडी काढली. "यारु? कोण आलंय?" त्यांनी रस्त्याकडे बघून विचारलं.

दत्तोजीरावांनी पडदा बंद केला. त्यानंतर त्यांनी तो आवाज कधी लावला नाही. आता ते टाळी वाजवतात आणि गिरिजाबाई लगेच येतात.

मित्रांनो, यंत्र कुरकुरत असेल तर त्याचं तोंड बंद करू नका, ते का कुरकुरतंय ते बघा. अर्धी तपासणी ही तपासणी नव्हेच. आणि जे पुन्हा मिळणार नाही ते एकट्या माझ्यासारख्याच्या भरवशावर ठेवू नका, शेजारच्याच्या यंत्रावर, कुठेही, आणखी एकदा ठेवा. आमची पूजा करा, पण आधी आमचं ऐका.

नवी पट्टी यशस्विनीने काढून टाकली. माझी तपासणी पूर्ण झाली आणि एकही चूक निघाली नाही. मी आता उत्तम चालतो, पण त्या घरात माझ्याजवळ कुणी काही ठेवत नाही.