भुंग्याला हवी होती तीन मिनिटं

खांद्याला पट्टा अडकवून, पुढं गोल पातं गरगरवत गवत कापायचं मशीन तुम्ही पाहिलं असेलच. तसलाच एक मी, आता म्हातारा आणि गंजका. धारवाडात केलगेरीकडच्या एका शाळेच्या अडगळीच्या खोलीत पडून असतो. माझ्या आवाजावरून मुलांनी माझं नाव ठेवलं भुंगा. मित्रांनो, माझी गोष्ट सांगताना मला मान वर करवत नाही. पण सांगतोच!

१९९८ साली मी हुबळीच्या दुकानातून इथं आलो. काय माझा थाट! नारिंगी टाकी, लखलखीत पातं! शाळेचे रोजंदारीवरचे माळी पुंडलिकअण्णा यांच्या हाती मला दिलं. त्यांची एक रीत होती. ऑइल मिसळलेलं पेट्रोल भरायचं, चोक, म्हणजे हवेची झडप, लावायचा, दोरी ओढायची. मी 'फट्' केलं की चोक उघडायचा आणि पुन्हा ओढायची. दुसऱ्या दोरीला मी सुरू! पण लगेच काम नाही हं. मला जमिनीवर ठेवून तीन मिनिटं नुसतं गुरगुरू द्यायचे आणि तेवढ्यात गवतातले दगड वेचायचे.

"अंग तापू दे त्याचं," म्हणायचे. "अंथरुणातून उठल्या उठल्या कोण पळतं?"

पाच वर्षं मी एकदाही दगा दिला नाही. मग शाळेत नवे पर्यवेक्षक आले, वादिराज सर.

"अण्णा, मशीन फुकट बोंबलतंय आणि तुम्ही गोट्या वेचताय?"

"थंड आहे सर ते."

"थंड? मग स्वेटर घाला की त्याला!"

मुलं खो-खो हसली. आणि खरं सांगू? मीही मनातल्या मनात हसलो. मी काय आजारी आहे तापत बसायला? सरांच्या हाती मिळालो ना, तर दाखवतोच माझा जोर!

ती वेळ आली. डिसेंबरातला क्रीडादिन होता. सकाळी दव पडून मी गारठलो होतो. त्या दिवशी शाळेच्या कमिटीची माणसं येणार होती आणि अण्णांना कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. अण्णा फाटकाशी पताका बांधत होते. धावपट्टीच्या कडेला थोडं गवत राहिलेलं सरांना दिसलं.

"त्यात काय, मीच कापतो!"

त्यांनी चोक लावला, दोरी ओढली. मी 'फट्' केलं. पण चोक उघडायचं सर विसरले. ओढली, आणखी ओढली. कसाबसा सुरू झालो, तर त्यांनी एकदम पूर्ण रेस दिली. मीही फुशारकीनं उसळलो, घुसमटलो आणि बंद! तरी सर दोरी ओढतच राहिले. माझा प्लग पेट्रोलनं चिंब झाला.

अण्णा धावत आले. "तडीरी सर, तडीरी! थांबा जरा! दहा मिनिटं द्या, प्लग पुसतो."

तेवढ्यात कमिटीची माणसं येऊन ठेपली. सरांचं तोंड लाल झालं.

"दहा मिनिटं? तुमच्या हातात दुसऱ्या दोरीला सुरू होतं ना? करा मग!"

अण्णांनी दोरी ओढली. मी सगळा जीव एकवटला, पण पेट्रोलात पार बुडालो होतो. पाच वेळा. दहा वेळा.

"अण्णा, भुंग्याला ताप आलाय!" एक मुलगी ओरडली आणि अख्खी रांग हसली.

"एक मशीन सांभाळता येत नाही यांना?" कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले.

सर आपल्या बुटांकडे बघत राहिले. अण्णांनी एकदाच त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

अण्णा कायम झाले नाहीत. जानेवारीत ते नवनगरला कुणाच्या तरी बागेवर कामाला निघाले. जायच्या दिवशी त्यांनी माझा प्लग कोरडा केला, मला सुरू केलं आणि तीन मिनिटं शेजारी बसून राहिले. मग बंद केलं. गवताचं एक पातंही कापून घेतलं नाही माझ्याकडून.

"इरली बिडू," टाकीवर हात ठेवून म्हणाले. असू दे, सोड.

कसं सोडू, मित्रांनो? थंड मशीनला थोडा वेळ द्या, पहिली 'फट्' झाली की चोक उघडा, एवढं तर सांगतोच. पण आपल्या चुकीसाठी दुसरं कुणी मान खाली घालून उभं असेल, तर गप्प राहू नका. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.