मी सात वेळा फोन लावला, आणि नोंद शून्य

सन २००३, जुलैतला तिसरा आठवडी बाजार. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. मोखाडा, पंचायत समितीच्या मागच्या गल्लीतली मंजुषाबाईंची संगणकाची खोली. लाइन लागत नव्हती.

मी त्या खोलीतला मोडेम बोलतोय. वहीएवढा काळा डबा, तोंडावर पाच लाल दिवे. फोन लावायचा, पलीकडच्या यंत्राशी कर्कश आवाजात ओळख पटवायची आणि मग मुकाट्याने निरोप पोचवायचे, हे माझं काम. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. नाशिकच्या दुकानातून मंजुषाबाईंनी मला एसटीने मांडीवर घेऊन आणलं, तिथपासून माझं आयुष्य सुरू झालं. मला पहिल्यांदा ओरडताना ऐकून बाहेर जीपची वाट बघणारी माणसं आत डोकावली होती. एकाने विचारलंसुद्धा, "बाई, यात मांजर अडकला काय?"

इंटरनेट पुरवणारी कंपनी एकच. तिची यंत्रं जव्हारला. जाहिरातीत 'चोवीस तास अखंड सेवा'. प्रत्यक्षात दोन्ही तालुक्यांतले दोनशे ग्राहक आणि फोन घ्यायला लाइनी चार! एरवी चालून जायचं. पण आमच्याकडे पाड्यावरचा माणूस तालुक्याला येतो तो बाजाराच्या दिवशीच. मग निकाल, अर्ज, दाखले, सगळं त्याच दिवशी आणि सगळ्यांचं एकदम.

त्या दुपारी माझ्यासमोर रविना बसली होती. खोडाळ्यापलीकडच्या पाड्यावरची, बारावी झालेली. शेजारी तिचा बाप नवशा, मजुरीवरून तसाच आलेला. परिचारिका प्रशिक्षणाच्या प्रतीक्षा यादीत रविनाचा नंबर पहिला होता. सकाळी पत्र हातात पडलं : आज दोन वाजेपर्यंत ई-मेलने होकार कळवा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला.

मी फोन लावत राहिलो. एंगेज. एंगेज. मंजुषाबाईंनी संस्थेला साधा फोन केला. उत्तर आलं, तोंडी होकार चालत नाही.

"मास्तरीणबाय," नवशा म्हणाला, "हा डबा वरडं तवा काम व्हतां ना? मंग आज गप का?"

त्रेचाळीस वेळा लावला मी फोन. दोन वाजले.  पत्राची घडी घालून रविनाने ते पुन्हा पाकिटात ठेवलं.

मंजुषाबाई मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. संस्थेशी भांडून त्यांनी मुदत मिळवली : लाइन बंद होती असं कंपनीचं लेखी आणा, महिनाभर जागा राखून ठेवतो. त्या जव्हारच्या कचेरीत गेल्या. तिथला साहेब हसून म्हणाला, "असं लिहून देण्याचा नियमच नाही हो, मॅडम."

नियम नाही! अगदी खरं होतं ते. इंटरनेट कंपन्यांवर सरकारने नियम घालावेत की त्यांना मोकळं सोडावं, हे ठरवायला तेव्हा एक समिती नेमली होती. चौदाव्या दिवशी, म्हणजे पुन्हा बाजाराच्याच दिवशी, ठाण्याला तिची जाहीर सुनावणी. 'हरकती फक्त ई-मेलने पाठवाव्यात', ही ओळ सूचनेतच होती. कंपनी देत नसेल तर समितीकडून तरी लेखी मिळेल, हा बाईंचा हिशेब. मंजुषाबाईंनी मला तारेतून सोडवलं, पिशवीत घातलं आणि रविनाला, नवशाला घेऊन पहाटेची गाडी पकडली.

सभागृह भरलेलं. कंपनीचा अधिकारी उठला. "बाजार खुला ठेवा. नाराज ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे जाईल."

"जाईल की!" मंजुषाबाई उभ्याच राहिल्या. "मोखाड्यात दुसरी कुठली, तेवढं सांगा!"

मागच्या रांगेतून जव्हारचे गोकुळभाऊ उठले. निवृत्त कारकून. "बाई, मी सरकारी फोनसाठी सात वर्षं थांबलोय. नियम आले की परवाने आले, परवाने आले की साहेब आले. कशाला बोलावताय?"

"भाऊ, मी परवाना मागत नाही. लाइन बंद असेल तर बंद आहे असं लिहून द्या, आणि एका लाइनीवर किती ग्राहक कोंबायचे याला हद्द घाला. एवढंच."

गोकुळभाऊ खाली बसले. "एवढंच असेल तर माझी ना नाही," ते म्हणाले, आणि हशा पिकला.

अधिकारी तयारीने आला होता. "आठवड्याची सरासरी काढली, तर आमची सेवा उत्तम आहे."

"आमचा आठवडाच एका दिवसाचा असतो, साहेब! आणि आज बाजार आहे." बाईंनी मला पिशवीतून काढून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलं. "लावून बघू?"

अध्यक्षांनी मान हलवली. लिपिकाच्या संगणकाला मला जोडलं. माझे दिवे लागले. जन्मात कधी एवढ्या माणसांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं! मी जव्हारचा नंबर लावला. एंगेज. लोक मोजायला लागले. दोन! तीन! सहाव्या वेळेला तर अख्खं सभागृह एका सुरात ओरडलं. सातव्या वेळी पलीकडून उचललं, आणि मी असा किंचाळलो की पंखे गरगरायचे थांबतील असं वाटलं. टाळ्या पडल्या. रविनाची हरकत समितीच्या पत्त्यावर निघाली. अर्धी गेली असेल नसेल, लाइन तुटली.

 अधिकारी टाय सैल करत होता.

"नोंद घ्या," अध्यक्ष म्हणाले. लिपिकाने लिहिताना मी बघितलं.

परतीच्या जीपमध्ये नवशा मला मांडीवर घेऊन बसला होता. "आज खरा वरडलास," तो म्हणाला.

महिन्याची मुदत संपायच्या आत, विसाव्या दिवशी, समितीचा अहवाल छापून आला. शेवटी तालुक्यांचा तक्ता. जव्हार, मोखाडा : ई-मेलने आलेल्या हरकती, शून्य. सबब सेवा समाधानकारक. तेच पान पुढे करून संस्थेने रविनाची जागा दुसरीला दिली.

नवशाने पानावर बोट ठेवून विचारलं, "येवढी माणसां आयकत व्हती ना? मंग शून्य कसा?"

पुढच्या वर्षी पुन्हा नंबर लागला, तेव्हा रविनाने मेलची वाट बघितली नाही. एसटीने जाऊन संस्थेच्या दारात उभी राहिली आणि होकार हातात देऊन आली. आता ती जव्हारला नर्स आहे. मोखाड्यात टॉवर आलाय, मी फळीवर धूळ खातोय. नवी यंत्रं आवाजसुद्धा करत नाहीत. तक्रार नाही माझी, म्हातारपण सगळ्यांनाच येतं. पण त्या दिवशी सभागृहात असलेल्या माणसांनो, तुम्ही मला ऐकलंत. एकदा तरी ते शून्याचं मूळ पान मागून बघा.

मंजुषाबाईंनी तीनदा मागितलं. 'शून्य' लिहिणाऱ्याची सही त्यावर नाही, आणि लिपिकाने घेतलेली नोंद कुठल्याच फायलीत नाही.