आक्काला आणायची गाडी

रविवारी सकाळी गाडी पुन्हा बंद पडली आणि तिनं खिडकीतून ते डोळे भरून पाहिलं. फार लांब गेलीच नव्हती. कोपऱ्यावरच्या खड्ड्यात चाक आपटलं, इंजिनानं एक उचकी दिली आणि सगळं गार. नवरा खाली उतरला, बॉनेट उघडलं आणि आत डोकं घालून उभा राहिला. आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकं लावत बसलेला माणूस. गाडीतही तो असाच पाहायचा, आत कुठंतरी अनुक्रमणिका असेल अशा आशेनं.

शेजारचे दातांचे डॉक्टर पायजम्यावरच धावले.

"काय इंजिनियरसाहेब, दात नुसता हलतोय की मुळासकट गेला?"

"फ्यूज सैल बसतोय हो. होल्डरमध्ये पकडच राहत नाही."

"मग उपटून टाका की! आमच्यात तेच करतात."

दोघांनी ढकलत गाडी फाटकात आणली. ती चपला घालून बाहेर आली आणि काळजीच्या आवाजात म्हणाली, "अहो, तुम्हाला लागलं तर नाही ना कुठं?"

आक्का म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. परगावी एकटी राहायची. न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड बसवलं, पण चालणं काही जमेना. "तिला आता इथंच आणू," नवरा म्हणाला होता. बसमध्ये चढणं तिला शक्य नव्हतं. भाड्याच्या गाडीत परक्या माणसाशेजारी बसणार नाही, असं तिनंच फोनवर ठणकावलं होतं. म्हणजे घरची गाडी गेली तरच आक्का येणार. आणि टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडं ढकलणारा पंप एका नखाएवढ्या फ्यूजवर चालत होता. होल्डरच्या आतले पत्र्याचे दोन चिमटे त्या फ्यूजला धरून ठेवतात. चिमटे जरा फाकले की गाडी सुरू होते, पण पहिल्या धक्क्याला मरते.

हे तिला त्यानंच शिकवलं होतं. दुरुस्तीच्या वेळी टॉर्च तिला धरायला लावून तो शाळेतल्यासारखा समजावून सांगायचा. पहिल्यांदा चिमटे आपसूक सैल झाले होते. त्यानंतर मात्र दर खेपेला ते तिच्या क्रोशाच्या सुईनं फाकवलेले असायचे.

तिला पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. नवी नवरी असताना आक्कानं तिला सासरच्या घरात मोलकरणीपेक्षा खाली ठेवलं होतं, ते सगळं ती गिळून बसली असती. पण एक दिवस काही केल्या गिळता येत नव्हता. घरात पाहुणे होते. तिची आई गेल्याचा निरोप दुपारीच आला होता. आक्कानं तिला तो सांगितला रात्री, शेवटचं ताट उचलल्यावर. तोवर ती पाहुण्यांशी हसून बोलत वाढत होती. माहेरी पोचली तेव्हा आईला नेलेलं होतं. नवरा बिचारा भोळा, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

त्या आठवड्यात त्यानं जुना होल्डर कापूनच टाकायचा ठरवला. नवा आणला. बॅटरीची काळी वायर सोडली, तारा सोलल्या, जीभ दातांत धरून एकीला दुसरी पिळली आणि सोल्डर केलं. जोडावर चढवायची प्लास्टिकची नळी आधी तारेत ओवून ठेवावी लागते. ती टेबलावरच राहिली होती. तिला ती मघापासून दिसत होती. शेवटचा जोड थंड होईपर्यंत ती गप्प राहिली.

"अहो, ही कशाची हो नळी?"

तो नळीकडं पाहत राहिला. "अरे देवा," म्हणाला, आणि सगळे जोड तोडून पुन्हा बसला. "तुला आधी दिसली नाही?"

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं!"

दोन दिवसांनी तो दुपारचा आडवा झाल्यावर तिनं हळूच बॉनेट उचललं, फ्यूज काढला आणि सुई आत घातली. नवे चिमटे कडक होते. जोर लावताना सुईचा मधला भाग शेजारच्या पत्र्याला टेकला आणि टोकाशी चट्‌कन ठिणगी उडाली. ती दचकली, पण काम पुरं केलं, फ्यूज जागेवर खोचला आणि घरात येऊन विणायला बसली. सुईचं टोक जरा भाजलं होतं. दर टाक्याला लोकर अडकायला लागली. तिनं वैतागून विणकाम टोपलीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाशेजारी सुई ठेवलेली होती. लख्ख.

"टोक घासून ठेवलंय गं," नवरा पेपरमधून डोकं न काढता म्हणाला. "लोकर अडकत होती ना तुझी?"

तिनं सुई उचलून टोक बोटानं चाचपलं. त्यानं पान उलटलं, चहाचा घोट घेतला. याला काय कळतंय, तिनं मनाला सांगितलं. भाजलेलं टोक आणि गंजलेलं टोक याला सारखंच.

रविवारी तो म्हणाला, "आज तूही चल. आक्काला धरून बसवायला मागं कुणीतरी लागेल."

नाही म्हणायला कारण नव्हतं. कोपऱ्यापर्यंतच तर जायचं होतं. ती बसली. खड्डा आला. चाक धाडकन आपटलं. इंजिन चालूच राहिलं. पुढं रेल्वेचे रूळ आले, फुटका पूल आला, दगडांचा रस्ता आला. गाडी गुरगुरत धावत होती आणि नवरा स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होता.

"आज बरी चालली आहे," ती शेवटी म्हणाली.

"हो ना. आज पकड चांगली आहे."

आक्का पलंगावर पडून होती. तोंड मात्र पूर्वीइतकंच चालत होतं. "या राणीसाहेब! वाट चुकला वाटतं? बाळ्या, ही वाळली की रे. हिला खायला घालतोस की नुसतं वाचून दाखवतोस?"

आक्काची पिशवी भरून तयार होती. नवरा गाडी दाराशी लावतो म्हणून बाहेर गेला. बॉनेट उघडल्याचा आवाज आला, मग मिटल्याचा. तो हात पुसत आत आला.

"आक्का, गाडी बसली गं. तोच होल्डर. मी बसनं जातो, नवा घेऊन येतो. मिळेल तेव्हा मिळेल. तोवर ही आहेच तुझ्यापाशी."

"अहो, मी कपडेसुद्धा..."

"डिकीत तुझी बॅग आहे. गोळ्या वरच्याच कप्प्यात ठेवल्यात. लोकरही घातली आहे."

त्याच्या सदऱ्याच्या खिशात काहीतरी छोटं, चौकोनी उठून दिसत होतं. तिनं ते पाहिलं. तिनं पाहिलं हे त्यानंही पाहिलं. फ्यूज तुमच्या खिशात आहे, असं तिनं म्हटलं असतं तर पुढचं सगळंच बोलावं लागलं असतं. तो छत्री काखेत मारून बसथांब्याकडं निघाला. एकदाही वळून पाहिलं नाही.

"गेला?" आक्कानं विचारलं. "जाऊ दे. लहानपणापासून तसाच आहे, चिडला की बोलत नाही, करून मोकळा होतो. तुझी आई गेली त्या दिवशी मी म्हणत होते, सांगून टाकू या बिचारीला. तोच म्हणाला, जेवणं होऊ दे, उगाच रडारड नको. आणि बोल मात्र जन्मभर मला लागला."

ती उठून बाहेर गेली. बॉनेट उचललं. होल्डर नवाकोरा होता, चिमटे पुन्हा घट्ट दाबलेले, फ्यूजची जागा मात्र रिकामी. तिनं ते बराच वेळ पाहिलं. मग डिकीतून बॅग घेतली आणि आत आली.

"अगं ए, घसा कोरडा पडलाय. पाणी दे."

तिनं माठातून पेला भरला. पलंगाजवळ स्टूल होतं. ते पायानं थोडं मागं सरकवलं आणि पेला त्यावर ठेवला. आक्कानं हात लांबवला. बोटं पेल्यापासून वीतभर अलीकडं थांबली.

"अगं, इकडं दे की."

तिनं खुर्ची ओढली, बॅगेतून लोकर आणि सुई काढली आणि विणायला घेतलं. सुई आता कुठंच अडकत नव्हती.