बोट लागू नये म्हणून

मनोरमाबाईंनी फ्योर्ड पाहिलाच नव्हता, हे त्यांच्या यजमानांना, श्रीपादरावांना, ज्या दिवशी कळले, त्या दिवशी मी स्टुटगार्टमधल्या एका स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलावर होते. मनोरमाबाईंना जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. त्यांची सून मुक्ता मागच्या वर्षीच्या बोटीच्या सहलीचे फोटो सासऱ्यांना दाखवत होती. एका फोटोत दोन्ही बाजूंना उंच डोंगर होते, मधे काळेशार पाणी होते आणि कठड्याला टेकून मुलगा सत्यजित, मुक्ता आणि नऊ वर्षांची नात अन्वी उभी होती. पुढचा फोटोही तसाच. त्याच्या पुढचाही. श्रीपादरावांनी चष्मा पुसला आणि विचारले, ही कुठे आहे यात?

उत्तर अन्वीने दिले.

"नाइन, नाही आबा. आजी वर डेकवर आलीच नव्हती. तुम्ही झोपला होतात ना, म्हणून."

श्रीपादरावांनी पुढचा फोटो बघितला नाही. त्या सकाळी मनोरमाबाई कुठे होत्या हे मला पक्के माहीत होते, कारण मी त्यांच्या मुठीत होते. पण मला बोलता येत नाही. म्हणून आता तुम्हाला सांगते.

मित्रांनो, मी स्टीलची एक जुनी डबी आहे. तळहातावर मावते एवढीच. माझे झाकण दाबून बसवावे लागते आणि उघडताना टक् असा आवाज होतो. मी कोणत्या कारखान्यात तयार झाले ते मला आठवत नाही. मला आठवते ते कऱ्हाडचे भांड्यांचे दुकान. मनोरमाबाईंचे लग्न होऊन महिनाच झाला होता. त्यांनी मला उचलले, झाकण दोनदा उघडून पाहिले आणि हीच द्या म्हणाल्या. दुकानदाराने नाव कोरायचे यंत्र सुरू केले आणि सवयीप्रमाणे श्रीपादरावांना त्यांचे नाव विचारले, कारण भांड्यांवर घरातल्या पुरुषाचे नाव घालायची रीत होती.

"हिचंच घाला," श्रीपादराव म्हणाले. "ही डबी घरात दुसऱ्या कोणाला लागायची नाही."

ते थट्टेने बोलले होते. पण त्यामुळे माझ्या पाठीवर 'मनोरमा' एवढेच नाव आले. त्या थट्टेची मी आजही आभारी आहे.

थट्टेचे कारण असे होते की मनोरमाबाईंना गाडी लागायची. त्यांचे माहेर चिपळूणचे. माहेरी जायचे म्हणजे एसटीने कुंभार्ली घाट उतरायचा आणि परत येताना चढायचा. तिसऱ्या वळणापर्यंत त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. म्हणून त्या घरी आलेपाक करत. आले किसायचे, साखर घालायची, थोडे दूध घालायचे, मिश्रण कडा सोडेपर्यंत ढवळायचे आणि ताटात थापून लहान वड्या पाडायच्या. त्या वड्या माझ्यात भरल्या जात. घाट लागला की टक् आवाज व्हायचा. मनोरमाबाई एक वडी गालात धरत आणि खिडकीतून लांबच्या डोंगराच्या कडेकडे बघत राहत.

श्रीपादराव कारखान्यात टर्नर होते. त्यांना कधीही काही लागले नाही आणि याचा त्यांना अभिमान होता. "तुला झोपाळ्यावर बसवलं तरी लागेल," असे ते पाहुण्यांसमोर म्हणत आणि सगळे हसत. प्रवासाच्या दिवशी ते बायकोला सकाळपासून काही खाऊ देत नसत. पोटात काही नसेल तर बाहेर काय पडणार, असा त्यांचा हिशेब होता. मनोरमाबाईंना अनुभवाने वेगळे कळले होते. रिकामे पोट जास्त ढवळते. म्हणून निघण्याआधी त्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या एक कोरडी भाकरी खाऊन घेत. हे फक्त मला माहीत होते.

पुढे पुढे त्यांचे जाणेच कमी झाले. कारखान्याची सहल महाबळेश्वरला गेली, गोव्याला गेली. प्रत्येक वेळी घरात एकच वाक्य बोलले जाई, तुला त्रास होतो, तू राहा. ते काळजीनेच म्हटले जाई. पण घरी राहणारे माणूस प्रत्येक वेळी तेच असे. मीही मग कपाटात मागे गेले. माझ्यात सुटी बटणे आली. अशी माझी बारा-तेरा वर्षे गेली.

सत्यजित मोठा झाला, इंजिनिअर झाला आणि स्टुटगार्टला नोकरीला लागला. त्याचे काम गाडीचे हादरे कमी करण्याचे. मनोरमाबाई फोनवर त्याला म्हणत, "जगाचे हादरे कमी करतोस, मग आईसाठी एखादी गाडी कर की." आणि अन्वीला तर आजीचाच त्रास आला. स्टुटगार्टच्या चढउताराच्या रस्त्यांवर बस दोन वळणे घेते न घेते तोच ती आईचा हात घट्ट धरते.

मागच्या उन्हाळ्यात श्रीपादराव आणि मनोरमाबाई तीन महिन्यांसाठी तिकडे गेले. मला कपाटातून काढून घासले गेले, आलेपाकाने भरले गेले आणि मी विमानात बसले. सत्यजितच्या स्वयंपाकघरात नॉर्वेच्या चित्रांचे कॅलेंडर होते. जुलैच्या पानावर फ्योर्ड होता. फ्योर्ड म्हणजे दोन उंच डोंगरांच्या मधून आत शिरलेला समुद्र. मनोरमाबाई रोज चहा पिताना ते चित्र बघत. "डोंगर कसे पाण्यात पाय सोडून बसलेत," असे त्या म्हणत.

सत्यजितने बोटीच्या सहलीचा विषय काढला. कील बंदरातून निघायचे, दोन दिवस समुद्रातून जायचे, तिसऱ्या सकाळी बोट एका फ्योर्डमध्ये शिरणार, वळसा घेऊन दुपारी बाहेर पडणार आणि मग परत. श्रीपादराव लगेच म्हणाले की हिला काही हे झेपायचे नाही, ही मुक्ताबरोबर घरी राहील.

मनोरमाबाई भांडी पुसत होत्या. त्यांनी फडके खाली ठेवले.

"घरी खूप राहिले," त्या म्हणाल्या. "या वेळी मी जाणार. मला तो डोंगर बघायचाय."

मित्रांनो, इतकी वर्षे मी त्यांच्याजवळ होते, पण असे बोलताना त्यांना कधी ऐकले नव्हते. मग घरात तयारी सुरू झाली. सासूबाईंना बोट लागू द्यायची नाही, हे मुक्ताने मनावर घेतले. बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर सगळ्यात कमी हलते, असे तिने वाचले होते. म्हणून तिने आजी-आजोबांसाठी तिथली खोली घेतली. त्या खोलीला खिडकी नव्हती. फक्त झोपायला तर जायचे, बाकी वेळ आपण वरतीच असू, असे सगळ्यांनी म्हटले. आपोटेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, तिथल्या बाईंनी गोळ्या दिल्या आणि बोट सुटण्याआधी घ्या असे बजावले. शिवाय सुंठीच्या कॅप्सूलही दाखवल्या. मुक्ताने त्याचा अर्थ सांगितला तेव्हा मनोरमाबाईंना हसू आवरेना. त्यांनी पर्समधून मला काढले आणि त्या बाईंना एक वडी दिली. बाईंनी ती खाल्ली, डोळे मोठे केले आणि "गेनाऊ" म्हणाल्या. म्हणजे अगदी बरोबर.

कीलपर्यंतच्या रेल्वेत उलट्या दिशेची जागा मिळाली होती. मनोरमाबाईंनी समोरच्या जर्मन गृहस्थांना विनंती केली, अन्वीने ती जर्मनमध्ये सांगितली आणि त्यांनी आनंदाने जागा बदलली. बोटीवर पहिल्या दिवशी आजी आणि नात कठड्याजवळ बसल्या. गालात एकेक वडी, पोटात थोडी पोळी आणि नजर समुद्र आणि आकाश मिळते त्या रेषेवर. ती रेष हलत नाही, तिला धरून बसायचे, असे आजीने नातीला शिकवले. संध्याकाळपर्यंत दोघींनाही काही झाले नाही. मनोरमाबाईंनी त्या दिवशी तीन वेळा तरी मला हातात घेऊन थोपटले असेल.

दुसरा दिवस संकष्टीचा होता. श्रीपादराव तीस वर्षे संकष्टी करत होते आणि चंद्रोदयापर्यंत चहाशिवाय काही घेत नव्हते. बोटीवर जमत नसेल तर राहू द्या, बाप्पा रागावणार नाही, असे मनोरमाबाई म्हणाल्या. शिवाय त्यांनी पहिल्यांदाच उघड सांगितले की रिकाम्या पोटी बोट जास्त लागते. श्रीपादरावांनी ऐकले नाही. गोळीही घेतली नाही. "मला काय होतंय? मी काय तू आहे?" असे म्हणून ते काळा चहा पिऊन डेकवर गेले.

दुपारी वारा सुटला. बोट डोलू लागली. तीनच्या सुमाराला सत्यजितने बाबांना धरून खाली आणले. ज्यांना कधी काही लागले नाही ते श्रीपादराव भिंत धरून चालत होते. त्यांना बोट लागली होती.

मनोरमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्यांना आडवे केले, मानेखाली ओला पंचा ठेवला आणि घोट घोट पाणी दिले. जे चाळीस वर्षे स्वतः सोसले होते, त्यावरचे सगळे उपाय त्यांना पाठ होते. पोटात काहीतरी जायला हवे होते. पण श्रीपादराव चंद्र उगवल्याशिवाय तोंड उघडायला तयार नव्हते आणि त्या भागात उन्हाळ्यात चंद्र किती वाजता उगवतो, ते बोटीवर कोणालाच धड सांगता येईना.

मनोरमाबाईंनी आपले मनगटी घड्याळ कधीच जर्मन वेळेला लावले नव्हते. सव्वासहाला त्यांनी ते नवऱ्यापुढे धरले.

"अहो, कऱ्हाडात पावणेदहा झाले. चंद्र उगवला."

"दिसला का?" श्रीपादरावांनी डोळे मिटूनच विचारले.

"पावसाळ्यात कऱ्हाडात तरी कधी दिसतो? पंचांगातली वेळ बघूनच सोडतो ना आपण? पंचांग काय बोटीचं आणलंय?"

श्रीपादरावांनी चार घास दहीभात खाल्ला. मग टक् आवाज झाला आणि माझ्यातली वडी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडात गेली. पण उशीर झाला होता. रात्रभर त्यांना उलट्या होत राहिल्या आणि पहाटे केव्हातरी, मनोरमाबाईंचा हात धरून, त्यांना झोप लागली.

सात वाजता मुक्ताने दार हळूच ढकलले. बोट फ्योर्डमध्ये शिरत होती. "आई, तुम्ही वर जा, मी बसते बाबांपाशी," ती कुजबुजली. मनोरमाबाईंचा एक हात श्रीपादरावांच्या हातात होता आणि दुसऱ्या हातात मी होते. त्यांनी हात सोडवून पाहिला. श्रीपादरावांची झोप चाळवली. त्यांनी पुन्हा तो हात तसाच ठेवला.

"आत्ता कुठे डोळा लागलाय. थोड्या वेळानं येते," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघा. अन्वीला पुढे उभी कर."

बोट आता मुळीच हलत नव्हती. वरून लोकांचे आवाज येत होते. मनोरमाबाई बिनखिडकीच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्या मुठीत होते आणि मूठ घट्ट नव्हती, सैल होती. त्या रागावलेल्या नव्हत्या. थोड्या थोड्या वेळाने त्या दाराकडे बघत, मग नवऱ्याकडे. असे दुपारपर्यंत चालले. श्रीपादराव उठले तेव्हा बोट पुन्हा उघड्या समुद्रात आली होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पाहिलास का फ्योर्ड? आणि मनोरमाबाई म्हणाल्या, "हो तर. पाहिला की."

परतीच्या प्रवासात समुद्र शांत होता. त्या रोज डेकवर बसल्या. संपूर्ण सहलीत त्यांना एकदाही बोट लागली नाही. कऱ्हाडला परत आल्यावर त्यांनी हे सगळ्यांना अभिमानाने सांगितले. शेजारच्या सरलाताईंना त्या फ्योर्डचे वर्णनही करत. किती धबधबे होते, पाण्याजवळ लाल रंगाचे एकच घर कसे होते. ते सगळे त्यांना अन्वीने सांगितलेले होते. श्रीपादराव शेजारी बसून ऐकत आणि मान डोलवत. फेब्रुवारीत एका सकाळी मनोरमाबाई झोपेतून उठल्या नाहीत. मग सत्यजितने श्रीपादरावांना स्टुटगार्टला आणले आणि त्यांच्या सामानातून मीही आले.

मित्रांनो, फोटो पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी श्रीपादरावांनी मुक्ताला विचारले, इथे चांगले आले कुठे मिळते? त्यांनी स्वतः आलेपाक केला. पहिल्यांदा तो दगडासारखा झाला. दुसऱ्यांदा वड्याच पडल्या नाहीत. तिसऱ्या खेपेचा माझ्यात भरला आहे. अन्वी म्हणते, आजीसारखा नाही, पण चालतो. रोज सकाळी शाळेच्या बसआधी ती एक वडी आणि पोळीचा तुकडा खाते. आबा तिला खिडकीजवळ पुढची जागा धरून देतात आणि लांब कुठेतरी बघ म्हणतात. आजूबाजूचे कोणी हसले तर ते त्याच्याकडे असे बघतात की तो गप्प होतो.

माझे आयुष्य चांगले गेले. मला नाव मिळाले, काम मिळाले आणि म्हातारपणी समुद्रही मिळाला. तुमच्या घरात कोणाला गाडी लागत असेल, बोट लागत असेल, तर त्यांना हसू नका. त्यांना पुढची जागा द्या, निघण्याआधी दोन घास खायला घाला आणि घरी सोडून जाऊ नका. सत्यजित म्हणतो, बाबा, या वर्षी पुन्हा जाऊ, तुम्ही तरी फ्योर्ड बघा. श्रीपादराव बघू म्हणतात.

"अगं, मला उठवायचं होतंस," एवढे एक वाक्य त्यांना मनोरमाबाईंना म्हणायचे होते. ते म्हणायचे राहिले आहे.