मामाचा ढोग

“हा माझा भाऊ नव्हे,” इंद्रमाया तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा शेजारी बसलेल्या सुंतलीला आईच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

चौकीच्या आवारात आठ माणसं ओळीनं उभी होती. त्यांतला एक हर्कजंग, इंद्रमायाचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी दशैंचा, म्हणजे दसऱ्याचा, टिका झाल्यावर नवे कपडे घ्यायला म्हणून त्यानं तेरा वर्षांच्या सुंतलीला डोंगराखाली नेलं आणि मुंबईत विकलं. आता त्याच्याकडे दुसऱ्याच नावाची कागदपत्रं होती, आणि अटक झाल्यापासून घसा बसल्याचं सांगून तो नुसता कुजबुजत होता. ओळख पटली तर वीस वर्षं आत, नाही तर संध्याकाळी मोकळा. सख्खी बहीणच नाही म्हणत होती. उरली सुंतली, आणि तिला दिसत नव्हतं.

डोळे मुंबईतच गेले. पहिल्यांदा पळाली तेव्हा कोठ्याच्या घरवालीनं तिचा डावा पाय उंबऱ्यावर दाबून धरायला लावला आणि करंगळीवर वरवंटा घातला. दुसऱ्यांदा पळाली तेव्हा डोकं भिंतीवर इतकं आपटलं की महिन्याभरात नजर विझली. मेली गिऱ्हाइकं तरीही येतच राहिली.

“बहिणी, आता तूच सांग काय करू,” हवलदार सावित्रा हताश होऊन म्हणाली.

“सगळ्यांना मला ढोग करायला लावा. मामा भाचीच्या पाया पडतो तसा.”

ओळीत कुणीतरी हसलं. सावित्रानं लाठी आपटली. एकेक जण वाकू लागला. बोटं लोकरीच्या मोज्यांना टेकत आणि लगेच बाजूला होत.

पाचव्याची बोटं टेकली, निघाली आणि परत आली. दर दशैंला ढोग झाला की हर्कजंग भाचीची करंगळी चिमटीत धरून ओढायचा, ती खिदळेपर्यंत. तीच चिमूट आता मोज्याच्या रिकाम्या टोकाशी चाचपडत राहिली.

“करंगळी कुठं गेली गं?” आवाज चांगला खणखणीत होता.

“तुम्ही सोडलंत तिथंच राहिली, मामा.”

त्यानं झेप घेऊन तिचा गळा धरला. सावित्राची लाठी मनगटावर अशी बसली की हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. त्याला फरपटत आत नेलं, तेव्हा इंद्रमाया लेकीवर तुटून पडली. माझं माहेर बुडवलंस, म्हणत बुक्क्यांनी मारत सुटली. सुंतलीनं मान खाली घालून मार खाल्ला. शेवटी आईच दमून खाली बसली.

सावित्रा कागद घेऊन आली. “पोलिसांशी खोटं बोलली ही. हिच्यावरही केस घालू?”

“नको,” सुंतली म्हणाली. तिच्या ओठातून रक्त येत होतं. “मग मला घरी कोण नेईल? वर चढायची वाट दिसत नाही मला.”

 इंद्रमाया उठली, पदरानं नाक पुसलं आणि रोजच्यासारखा लेकीच्या हाताखाली खांदा दिला.