एकोणतीसचा पाढा

गुरुजींचं पत्र येऊन दोन महिने होत आले होते आणि ओमकारनं त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. निळं अंतर्देशीय पत्र त्याच्या डब्याच्या पिशवीत, आतल्या कप्प्यात, चार घड्या होऊन पडलं होतं. डब्यासोबत ते रोज गावातून बेळगावला कारखान्यात जाई आणि डब्यासोबत परत येई. एका कोपऱ्यावर लोणच्याच्या तेलाचा डाग पडला होता. वाचायची गरज नव्हती, त्याला ते पाठ होतं. पाठ करणं ही एकच गोष्ट त्याला उत्तम जमत असे.

ज्योतिबा गुरुजी निवृत्त होऊन लेकीकडे लोंढ्याला राहायला गेले होते. कानांनी दगा दिल्यामुळे ते फोन करत नसत, पत्र लिहीत. 'चि. ओमकार यास अनेक आशीर्वाद. येथे रेल्वेच्या आवाजाने आधी झोप येत नव्हती. आता एखादी गाडी आली नाही तर जाग येते, म्हणजे तेवढे ऐकू येते असे लेक म्हणते. दिवाळीच्या सुट्टीत गावच्या मंडळाची पाढ्यांची स्पर्धा आहे, मी येणार आहे. यंदा परीक्षक म्हणून तू बसावेस अशी माझी इच्छा आहे. सुरुवातीला पोरांसमोर एकोणतीसचा म्हणून दाखव. तुझ्यासारखा म्हणणारा मला पुन्हा मिळाला नाही. होकार कळव.'

होकार कळव. तेवढ्याच दोन शब्दांपाशी येऊन ओमकार अडत असे.

चौथीत असताना त्यानं तीच स्पर्धा जिंकली होती. दोनापासून तीसपर्यंत, शिवाय पावकी, निमकी, दिडकी, सगळं. कुठं अडखळला नाही, श्वाससुद्धा चुकीच्या जागी घेतला नाही. वडील भजनी मंडळातले, घरात टाळ-मृदंग, पोराचा कान तयार. त्यानं पाढे अभंगासारखे उचलले. एकोणतीसच्या पाढ्याची चाल तर त्याला फार आवडायची. 'एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी'ला सूर वर चढायचा आणि 'एकोणतीस दाहे दोनशे नव्वद'ला समेवर यायचा. पाढे त्याच्या कानात होते. तिथून ते डोक्यात कधी गेलेच नाहीत, आणि हे त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

सात आठे किती, असं कुणी अचानक विचारलं तर त्याला सातचा पाढा पहिल्यापासून मनात म्हणत यावं लागे. तेही सातचाच म्हणायचा हे समजलं तर. बस नऊ चाळीसची आणि आता नऊ पाच, तर वेळ किती, याचं उत्तर कुठल्याच पाढ्यात नव्हतं. दुकानात, बसथांब्यावर, पिठाच्या गिरणीत, जिथं जावं तिथं कुणीतरी एक लहानसा हिशेब घेऊन उभा असे आणि गावात गणिती म्हणून नाव झालेला ओमकार दिसला की तो हिशेब त्याच्यापुढं टाके.

त्यानं युक्त्या शोधल्या. "थांब, फोनवर बघून सांगतो, चूक नको," असं तो म्हणे. लोक उलट खूश होत. "बघा, एवढं येतंय तरी बढाई न्हाय पोराला."

सुटका नव्हती ती आईपासून. भिंतीवर ढालीसह काढलेला त्याचा फोटो होता आणि घरी पाहुणा आला की गुणाबाई आधी त्याला फोटो दाखवी, मग पोराला हाक मारी. "ओम्या, म्हण रं एकोणतीसचा!" ओमकार चोवीस वर्षांचा झाला, मिशा आल्या, कामाला लागला, तरी हे चालूच. गेल्या उन्हाळ्यात नंदगडला मुलगी बघायला गेले. पोहे झाले, चहा आला आणि गुणाबाईनं मुलीच्या वडिलांना सांगितलं, "आमच्या ओमकारचं पाढं ऐका की एकदा." त्यानं म्हटले. परक्या घराच्या सोप्यात, नव्या शर्टात, मान खाली घालून. मुलगी पदराआड हसली. तिच्या भावानं मात्र मनापासून विचारलं, "मग ओ दाजी, सतराच्या दीडपट किती?"

"चहा गार होतोय," ओमकार म्हणाला आणि जीभ भाजून घेतली. त्या घरून पुढं काही निरोप आला नाही.

कारखान्यात तो पॅकिंगला होता. पंपांची ओतीव झाकणं पेटीत रचायची, थरामध्ये पुठ्ठा घालायचा, पेटी बंद करायची. फोन मात्र गेटवरच जमा करावा लागे. त्यामुळे आत गेलं की ओमकार उघडा पडे. तो एकेक झाकण हात लावून मोजे. त्याला वेळ लागे, पण मोजणी चुकत नसे. खात्याचा प्रमुख पारिसाअण्णा हा निपाणीकडचा जैन, साहेबाशी कानडीत आणि पोरांशी मराठीत बोलणारा, पोटानं आणि मनानं मोठा माणूस. त्याला ही पद्धत फार आवडली होती.

"हात लावल्याबिगर ह्याचा विश्वास बसत न्हाय," तो इतरांना सांगे. "शिका जरा."

त्या दिवशी तोच अण्णा जेवणाच्या सुट्टीनंतर पेटीवर हात ठेवून उभा राहिला. "ओमकार, एका थरात आठ. असे सात थर बसतात. पेटीत किती रं?"

ओमकारनं पुठ्ठा खाली ठेवला. आठ एके आठ, आठ दुणे सोळा... ओठ हलू नयेत म्हणून त्यानं दात आवळले, तर सूर नाकातून बाहेर आला.

"भजन चाललंय काय?" मष्णू नावाचा सोबती पलीकडून ओरडला. "अण्णा, टाळ आणू?"

पोरं हसली. हसण्यात ओमकारचा धागा तुटला. मधनं उचलता येत नव्हता, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती. अण्णाला मात्र उत्तराची घाई नव्हती. तो दुसऱ्याच गोष्टीसाठी आला होता.

"ऱ्हाऊ दे. सायबाला मी सांगितलंय, आमच्याकडं पाढ्यांत पहिला आलेला पोरगा हाय म्हणून. दिवाळी झाली की माल बाहेर पाठवायचं काम तुझ्याकडं. गाडीत पेट्या किती, पेटीत माल किती, तोंडावर सांगायचं. खुर्ची, टेबल, पंखा. व्हय का न्हाय?"

"व्हय अण्णा," ओमकार म्हणाला. दुसरं काय म्हणणार? त्याच्या तोंडून जन्मात 'न्हाय' निघालं नव्हतं. पंख्याखालची ती खुर्ची त्याला डोळ्यांसमोर दिसू लागली, आणि भोवती माणसं, प्रत्येकाच्या हातात एकेक हिशेब.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सोप्यात करंज्यांचा कारखाना लागला होता. वहिनी लाटत होती, आई सारण भरून कडेनं कातण फिरवत होती आणि नागेंद्रअण्णाची, म्हणजे थोरल्या भावाची, आठ वर्षांची आरोही तयार करंज्या धुतल्या पंच्यावर नीट ओळीनं मांडत होती. पंच्याचा एक धागासुद्धा दिसू नये अशा बेतानं ती मांडत होती. काम आवडलं की तिच्या जिभेचं टोक बाहेर येई.

गुणाबाईनं ओमकारला बघितलं आणि तिला हुरूप आला. "आरू, एका वळीत किती गं?"

"सहा."

"आणि वळी?"

आरोहीनं बोट लावून पाहिलं. "सात."

"मग करंज्या किती झाल्या? काकासारखं सांग बघू!"

आरोहीनं करंज्यांकडं पाहिलं. एक क्षणभरच, पण ओमकारनं ते पाहणं ओळखलं. करंज्याच काही सांगतील, अशा आशेनं पाहणं होतं ते. त्यांनी काही सांगितलं नाही, तेव्हा पोरीनं मान ताठ केली, डोळे मिटले आणि सूर लावला. सहा एके सहा, सहा दुणे बारा, सहा त्रिक अठरा. गळा गोड होता. सहा साते बेचाळीस आलं आणि गेलं. ती थांबली नाही. सहा आठे, सहा नव्वे, आणि मग ऐटीत समेवर आली. "सहा दाहे साठ! साठ झाल्या आज्जी!"

"बघितलंस?" गुणाबाईचा ऊर भरून आला. पिठाच्या हातानंच तिनं नातीची दृष्ट काढली. "हुबेहूब काका! स्पर्धेत ढाल आपल्याच घरात येणार."

वहिनी पण हसली. पंच्यावरच्या करंज्या कुणी मोजल्या नाहीत. इतकं सुंदर म्हटल्यावर मोजायचं कशाला?

ओमकार हातपाय धुवायला मागं गेला. नळ सोडून नुसताच उभा राहिला. थोड्या वेळानं मागं पावलं वाजली. आरोही दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"काका."

"काय गं?"

तिनं आत पाहून घेतलं. मग आवाज अगदी बारीक केला. "कुठं थांबायचं असतंय?"

ओमकारनं नळ बंद केला.

"म्हंजे पाढा म्हणायला येतोय मला," ती घाईघाईनं म्हणाली. "सगळा येतोय. पण मधी कुठं थांबायचं, ते कसं कळतंय तुला?"

त्याला कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. चोवीस वर्षांत हा प्रश्न त्यानं स्वतःलासुद्धा इतक्या सरळ शब्दांत विचारला नव्हता. पोर वाट बघत होती. फोनवर बघून सांगतो, असं तो तिला सांगू शकत नव्हता. चहा गार होत नव्हता.

"मला बी कळत न्हाय," तो म्हणाला.

आरोही हसली. काका चेष्टा करतोय असं तिला वाटलं. मग त्याचं तोंड बघून ती हसायची थांबली.

"मग तू पहिला कसा आलास?"

"नुसतं पाढं म्हणून."

ती त्याच्याकडं बघत राहिली. त्या नजरेत त्याला भिंतीवरचा फोटो खाली उतरताना दिसला. नंतर तिनं त्याचा ओला अंगठा धरला आणि त्याला आत ओढत नेलं. आई आणि वहिनी चुलीपाशी कढई बघत होत्या. दोघं पंच्याशेजारी उकिडवी बसली. काय करायचं ते त्यालाही नक्की माहीत नव्हतं. हात लावून मोजायचं एवढंच त्याला येत होतं, म्हणून त्यानं पहिल्या ओळीवर हात ठेवला.

"हितं म्हण."

"सहा एके सहा."

हात दुसऱ्या ओळीवर. "सहा दुणे बारा." तिसऱ्यावर. सूर आपोआप बारीक झाला, घाई गेली. सातव्या ओळीवर हात गेला. "सहा साते बेचाळीस." पुढं हात ठेवायला ओळच नव्हती. उघडी फरशी होती.

"संपल्या," आरोही म्हणाली.

"संपल्या."

"मग साठ न्हवंच!" तिनं तोंडावर हात ठेवला आणि आज्जीकडं चोरून पाहिलं. "आज्जीला सांगायचं?"

ओमकारनं फरशीवरचा हात उचलला. आपल्याला फार मोठं काही सापडलं असं त्याला वाटलं नाही. दीडपट कशी करायची, गाडीत पेट्या किती बसतात, हे अजून अंधारातच होतं. पण ही पोर दिवाळीच्या सुट्टीत मंडळाच्या व्यासपीठावर उभी राहील, ढाल घेईल, फोटो भिंतीवर लागेल, आणि मग तिला खाली उतरायला जिना राहणार नाही. आणि टेबलामागं परीक्षक म्हणून कोण बसलेला असेल? पूर्ण मार्क देणारा कोण?

जेवणाआधीच तो वही घेऊन माडीवर गेला. बरीच पानं फाडली. शेवटी जे राहिलं ते असं होतं.

'ती. गुरुजींना सा. न. वि. वि. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. मी स्पर्धेला येतो, पण परीक्षक म्हणून बसणार नाही आणि एकोणतीसचा म्हणणार नाही. मला पाढे म्हणता येतात, हिशेब येत नाही. सात आठे किती विचारलं तर मला पहिल्यापासून म्हणावं लागतं. हे कुणाला माहीत नाही. यात तुमची चूक आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही म्हणायला शिकवलंत, मी तेवढ्यावरच खूश राहिलो. आमची आरोही माझ्यासारखीच म्हणते. तिनं आज विचारलं, कुठं थांबायचं. गुरुजी, आलात की दोन दिवस जास्त राहा आणि तिला ते शिकवा. तिच्या शेजारी मलाही बसवा. गावात कळलं तरी चालेल.'

शेवटचं वाक्य त्यानं खोडलं. मग तेच खाली पुन्हा लिहिलं.

सकाळी डबा भरताना गुणाबाईनं पिशवीतलं पाकीट पाहिलं. "लिव्हलंस न्हवं एकदाचं? येतो म्हणून?"

"येतो म्हणूनच लिव्हलंय."

"बरं झालं. मंडळाच्या पोरांस्नी सांगतो मी." ती सोप्यात गेली आणि पदरानं फोटोची काच पुसू लागली. ओमकार ते बघत उभा राहिला. मग पिशवी उचलून बाहेर पडला.

कारखान्यात गेल्या गेल्या हिशेब येत नसल्याचं सांगून टाकायचं म्हणून तो दोनदा पारिसाअण्णाच्या टेबलापाशी गेला आणि दोनदा पुठ्ठा मागून परत आला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत गेटवरून फोन घेतला आणि तो चालत कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी आला. पेटीवरच्या पत्र्यावर लिहिलं होतं, पत्रं काढण्याची पुढची वेळ चार. पाकीट त्यानं फटीत सरकवलं, अर्धं आत, अर्धं हातात. मागून एका टेम्पोनं हॉर्न दिला. हात सुटला. आत पत्र पडल्याचा आवाजही आला नाही, इतर पत्रांवर पडलं असावं.

चारपर्यंत ते आतच असणार होतं. पोस्टमनला गाठून, हातापाया पडून, परत मागता आलं असतं. पलीकडच्या चहाच्या गाड्यावरच्या घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. फोन खिशात होता. तो त्यानं काढला नाही. भर रस्त्यात उभं राहून त्यानं बोटं उघडली. दोन वीसपासून तीन वीस, अंगठा मुडपला. तीन वीस ते तीन चाळीस. तीन चाळीस ते चार. रस्त्यानं जाणारी दोघं त्याच्याकडं बघत गेली. त्यानं पुन्हा एकदा पहिल्यापासून केलं, तेवढंच आलं. एक तास चाळीस मिनिटं.

तो आणखी थोडा वेळ पेटीपाशी थांबला. मग वळला आणि अण्णा जेवण आटपून टेबलाशी आला असेल, असं मनात म्हणत गेटकडं चालू लागला.