पंखा वाजत असेपर्यंत

तिने शेवटचा स्क्रू घट्ट केला, कॉम्प्युटर पुन्हा टेबलाखाली सरकवला आणि बटण दाबलं. जुन्या डब्यात नवी डिस्क निमूट चालू झाली.

"उठला का?" आईने पुढच्या खोलीतून विचारलं.

"उठला. आता डेटाबेस बसवायचा."

पुढच्या खोलीत आईचं वाचनालय होतं. कोणतं पुस्तक कोणाकडे गेलंय, याची सगळी व्यवस्था बाबांनी या कॉम्प्युटरवर लावून दिली होती. बाबा गेले आणि पाठोपाठ डिस्कही गेली. नोंदींची प्रत शाबूत होती, पण ती उघडणारी डेटाबेसची जुनी आवृत्ती आता तयार मिळत नव्हती. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा कच्चा मजकूर, उतरवून घ्यायचा आणि घरच्या घरी बांधून काढायचा, एवढाच मार्ग उरला होता.

बाबा तर तयार मिळत असतानाही हेच करायचे.

"पीठ बाजारात मिळत असताना जात्यावर बसायची हौस," आई पुस्तकं पुसता पुसता म्हणाली. "आता तुलाही लागली."

"मला नाइलाज आहे, आई. हौस त्यांची."

बांधायला लागणारं सगळं आहे का, याची पडद्यावर तपासणी सुरू झाली. हे आहे, तेही आहे. एक वस्तू नाही. तिने ती शोधून आणली, तपासणी पुन्हा लावली.

"जरा बाहेर जाऊन येऊ या का? परवा मी परत जाणार."

"उद्या बघू."

रोजचंच उत्तर. बाबा गेल्यापासून आई फाटकाबाहेर पडली नव्हती. तिच्या चपला दारामागे तशाच पडून होत्या.

तपासणी पार पडली. आता खरं बांधकाम. प्रोसेसरला चार कोअर होते. बाबा नेहमी एकच कामाला लावत, मग वेळ चौपट लागे. एकदा तिने फोनवर त्यांना चिडवलं होतं, "चार गडी असताना तिघांना बसवून पोसता होय?"

"घाई कोणाला आहे?" ते म्हणाले होते.

तिने चारही जुंपले. ओळी झरझर वर सरकू लागल्या आणि डब्यातला पंखा गरगरत सुटला.

पुढच्या खोलीतलं फडकं थांबलं. थोड्या वेळाने आई केस नीट करून आली. दारामागच्या चपला तिने बाहेर काढल्या, एकमेकींवर आपटून धूळ झटकली.

"कुठे निघालीस?"

"पंखा लागला ना." आई एवढंच म्हणाली, जसं काही यात विचारण्यासारखं काहीच नव्हतं. मग थांबून म्हणाली, "तो वाजायला लागला की तुझे बाबा मोकळे. थांबेपर्यंत आम्ही कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन यायचो. येतेस, की बसतेस राखण करत?"

ती उठायच्या आतच पंखा मंदावला, थांबला. पडद्यावर शेवटची ओळ उमटली. बांधकाम पूर्ण.

आईचा एक पाय चपलेत होता.

"झालं? एवढ्यात?"

आईने तो पाय हळूच बाहेर काढायला घेतला.

"नाही गं, कुठलं व्हायला. थांब, एक मिनिट."

ती पुन्हा खुर्चीत बसली. बांधलेलं सगळं पुसून टाकलं आणि पहिल्यापासून लावलं. या वेळी एकच गडी. पंखा पुन्हा फिरू लागला, पण आता खालच्या, सावकाश सुरात.

आईने कान देऊन ऐकलं आणि दुसरी चप्पलही घातली.

फाटकाशी पोहोचल्यावर आई म्हणाली, "तुझे बाबाही अगदी असेच. मी चपला घातल्या की म्हणायचे, थांब, एक मिनिट. आत जाऊन काहीतरी खुडबूड करून यायचे."

"काय करायचे?"

"मी कशाला विचारू?" आईने कडी काढली. "फिरायला मिळत होतं."